जुन्या पिकअपची मीटरची आणि टेलची लाईट: वायरिंग बदलायच्या आधी अर्थिंग बघा

दादा, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. गाडी २००७ ची डिझेल पिकअप, सासवडकडून भाजी भरून पहाटे मार्केट यार्डला येते. मीटरमधली, म्हणजे डॅशबोर्डवर स्पीडचे-डिझेलचे काटे असतात तिथली लाईट रात्री कधी असते कधी नसते. मागची उजवी टेल (लाल दिवा) डावीपेक्षा जरा मंद आहे आणि पार्किंग लाईट चालू असताना ब्रेक दाबला की ती जास्त पेटायच्या ऐवजी चक्क विझते. खड्ड्यात गाडी आदळली की अधूनमधून १० अँपिअरचा फ्यूज उडतो म्हणून ड्रायव्हरने तिथे २० चा बसवलाय. आणि गॅरेजवाल्याने सांगितलंय की गाडी जुनी झाली, अख्खं वायरिंग काढून नवीन टाका.

अख्खं वायरिंग बदलू नका. निदान आत्ता तरी नको. मी पुण्यात गाड्यांच्या वायरिंगचंच काम करतो, पिकअप आणि टेम्पोच जास्त, आणि तुम्ही जे लिहिलंय त्यातून मला दोन वेगवेगळे फॉल्ट दिसतायत, एक अर्थचा (अर्थ म्हणजे करंटची बॉडीतून बॅटरीच्या मायनसला परत जायची वाट) आणि एक शॉर्टचा, दोन्ही एकाच लाईनीवर असल्यामुळे सगळं वायरिंगच गेल्यासारखं वाटतंय. नवीन हार्नेस (वायरींचा अख्खा जुडगा) टाकला आणि मागचा अर्थचा बोल्ट तसाच गंजलेला ठेवला तर नवीन वायरिंगवरही उजवी टेल अशीच विझणार.

पण सगळ्यात आधी, हे वाचून झाल्या झाल्या, तो २० चा फ्यूज काढा. पिवळा असेल तो, त्या जागी लाल म्हणजे १० चाच लावा. हिशोब बघा, मागच्या दोन टेल ५-५ वॅटच्या, पुढच्या दोन पार्किंग ५-५ च्या, नंबर प्लेटचा एक बल्ब ५ चा आणि मीटरमधले चारपाच छोटे बल्ब, सगळे मिळून ३०-३५ वॅट झाले, म्हणजे १२ व्होल्टला ३ अँपिअरच्या आतबाहेर. मग १० चा फ्यूज लोडमुळे उडूच शकत नाही, तो उडतोय म्हणजे कुठेतरी वायर सोलून बॉडीला लागतेय आणि फ्यूज आपलं काम करतोय. २० चा टाकल्यावर फ्यूज टिकतो पण तीच बारीक वायर आतल्या आत तापत राहते, बाजूच्या चार वायरींची प्लास्टिकं वितळवते आणि मग खरंच अख्खं वायरिंग बदलायची वेळ येते, आणि वर हौद्यात प्लास्टिकचे क्रेट, सुतळी, पोती असली तर गाडीही पेटू शकते. फ्यूजच्या जागी तार गुंडाळलेली किंवा सिगरेटची चांदी लावलेली असेल तर ती पण आजच काढा.

आता मीटरची आणि टेलची लाईट एकत्र का बिघडते ते. स्टेअरिंगजवळच्या लाईटच्या स्विचची पहिली खटकी म्हणजे पार्किंग, त्यातून जी लाईन निघते तीच पुढच्या पार्किंगला, मागच्या टेलला, नंबर प्लेटला आणि मीटरच्या उजेडाला जाते. काही गाड्यांत डाव्या बाजूला वेगळा फ्यूज आणि उजव्या बाजूला वेगळा असतो आणि मीटर त्यातल्या एकावर असतं, फ्यूज बॉक्सच्या झाकणावर आतून छापलेलं असतं ते बघून घ्या. म्हणून मीटर अंधारं झालं की आधी खाली उतरून मागे बघायचं, टेल आहे का. मीटर पण गेलंय आणि टेल पण गेलीय तर फ्यूज किंवा स्विच. टेल आहे आणि मीटर नाही तर दोष मीटरमध्येच. एवढं बघितलं तरी अर्धं काम होतं. ब्रेक लाईटची लाईन मात्र पूर्ण वेगळी असते, तिचा फ्यूज वेगळा, आणि तिचा स्विच ब्रेकच्या पेडलवर.

तुमचा अर्थचा फॉल्ट मी इथे बसून एवढ्या खात्रीने का सांगतोय ते जरा सविस्तर सांगतो, कारण हे एकदा डोक्यात बसलं की तुम्ही कुठल्याही गाडीची मागची लाईट स्वतः बघू शकाल. मागे जो बल्ब असतो तो डबल पॉइंटचा, त्यात दोन फिलामेंट, ५ वॅटचं टेलचं आणि २१ वॅटचं ब्रेकचं. दोघांना प्लस वेगवेगळा येतो पण मायनस एकच, बल्बच्या पितळी टोपीतून होल्डरला आणि होल्डरमधून बॉडीला. हा मायनस तुटला की करंट गप्प बसत नाही, मोरी तुंबली की पाणी दुसऱ्याच जाळीतून वर येतं तसा तो दुसरी वाट शोधतो. पार्किंग चालू केलीत तर टेलच्या फिलामेंटमधून आलेला करंट टोपीत येतो, तिथे अर्थ नाही, मग तो ब्रेकच्या फिलामेंटमधून उलटा ब्रेकच्या वायरीत शिरतो, त्या वायरीने डाव्या बाजूच्या ब्रेकच्या बल्बात जातो आणि डाव्या बाजूच्या चांगल्या अर्थमधून बाहेर पडतो. २१ वॅटच्या फिलामेंटचा अडथळा अगदी कमी, त्यामुळे टेल पेटते, फक्त जरा मंद, आणि बघणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे. आता ब्रेक दाबा. ब्रेकच्या वायरीतही १२ व्होल्ट आले, म्हणजे बल्बच्या दोन्ही बाजूंना प्लसच प्लस, करंटला जायला वाटच उरली नाही, बल्ब पूर्ण बंद. तुम्ही लिहिलंय ते अगदी हेच आहे. पार्किंग बंद ठेवून ब्रेक दाबून बघा, तोच उजवा बल्ब पेटेल पण टेलएवढाच, कारण तेव्हा ब्रेकचा करंट टेलच्या फिलामेंटमधून उलटा पळतोय. हा उलटा करंट टेलच्या लाईनीतून पार मीटरपर्यंत येतो, एरवी कळत नाही, पण कुणी मीटरमध्ये एलईडी टाकलेले असतील किंवा पार्किंगचे बाकीचे बल्ब उडालेले असतील तर दिवसा ब्रेक दाबला की मीटरमध्ये हलका उजेड येतो. आणि उजवा इंडिकेटर दिला की टेलही त्याच्याबरोबर फडफडते का बघा, तोही त्याच अर्थवर असतो.

खात्री करायला मल्टिमीटर नसला तरी चालतं. एक लांब वायर घ्या, एक टोक बॅटरीच्या मायनसला घट्ट लावा, दुसरं टोक उजव्या टेलच्या होल्डरच्या धातूला टेकवा आणि कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा, माणूस नसेल तर पेडल आणि सीटच्या मध्ये लाकडाची फळी अडकवा. लाईट भक्कन वाढली तर विषय संपला, अर्थच.

मल्टिमीटर असेल तर अजून चांगलं, पण तो वापरायची पद्धत बहुतेक जण चुकीची वापरतात. बल्ब काढून होल्डरमध्ये मीटरच्या पिना लावतात, १२.४ दिसतं, मग म्हणतात सप्लाय बरोबर आहे. मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे वायरीची एक तार जरी शिल्लक असली तरी तो पूर्ण व्होल्ट दाखवणार, आणि बल्ब लावला की तीच एक तार दम टाकणार. म्हणून मोजायचं ते बल्ब लावून, लाईट चालू ठेवून. मीटर २० व्होल्ट डीसीला ठेवा, काळी पिन बॅटरीच्या मायनसच्या खुंटीवर, लाल पिन टेलच्या होल्डरच्या धातूवर, पार्किंग चालू करा, ब्रेक दाबून धरा. ०.१ ते ०.२ व्होल्टच्या आत आलं तर अर्थ चांगला. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर खराब, आणि तुमच्या गाडीत मला वाटतं बरंच जास्त येईल. तसंच प्लसच्या बाजूला, लाल पिन बॅटरीच्या प्लसवर आणि काळी होल्डरच्या आतल्या पॉइंटवर, तिथे अर्धा व्होल्टपर्यंत ठीक आहे, एक-दोन व्होल्ट येत असतील तर स्विच, कपलर (वायरी जोडायचा प्लास्टिकचा प्लग) किंवा जोड कुठेतरी खराब आहे. आणि हे लोक सोडून देतात, म्हणतात एखादा व्होल्टच तर कमी आहे, पण फिलामेंटच्या बल्बला व्होल्टेज १० टक्के कमी मिळालं की उजेड जवळपास ३० टक्के कमी होतो. मागच्याला ते नक्की कळतं.

मल्टिमीटर घ्यायचाच नसेल तर टेस्ट लॅम्प बनवा, २१ वॅटचा सिंगल पॉइंट बल्ब, एक होल्डर, दोन लांब वायरी आणि टोकाला मगर क्लिप. हा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो त्यामुळे खोटं बोलत नाही. फक्त नवीन, सेन्सरवाल्या गाड्यांत हा टेस्ट लॅम्प ईसीएमच्या (गाडीच्या कॉम्प्युटरच्या) किंवा सेन्सरच्या वायरींना कुठेही टोचू नका, तिथे नुकसान होतं. तुमच्या गाडीतही तो लाईटच्या वायरींपुरताच.

आता अर्थ नीट कसा करायचा. टेलचं घर पत्र्याचं असेल तर अर्थ त्याच्या बोल्टमधून जातो, प्लास्टिकचं असेल तर वेगळी वायर असते, बहुतेक काळी. आणि ही वायर हौद्याला जोडलेली असते, तिथेच सगळं बिघडतं. हौदा चॅसीवर मधे लाकडाची किंवा रबराची पट्टी ठेवून यू-बोल्टने आवळलेला, वर रंगाचे थर, कुठेतरी वेल्डिंग केलेलं, म्हणजे हौद्याला लावलेला अर्थ पुढे चॅसीला पोचेलच असं काही नाही. भाजीच्या गाडीत तर हौद्यातून रोज पाणी गळतं, कोथिंबीर-पालकावर मारलेलं पाणी सगळं मागच्या कोपऱ्यात जमा होतं, बरोबर जिथे टेल आहे तिथे. म्हणून मी जुन्या हौद्याच्या अर्थवर विसंबतच नाही. २.५ स्क्वेअर एमएमची नवी काळी वायर घ्या, दोन्ही टेलच्या होल्डरपासून थेट चॅसीच्या लोखंडापर्यंत आणा. चॅसीवर जागा निवडा, चाकाचा चिखल थेट उडणार नाही अशी, तिथला रंग आणि गंज पॉलिश पेपरने लोखंड चमकेपर्यंत घासा, वायरीच्या टोकाला गोल थिंबल (बोल्टात अडकवायची धातूची कडी) चिमट्याने दाबून बसवा, दातेरी वॉशर टाका, बोल्ट आवळा आणि मग वरून ग्रीस किंवा व्हॅसलीन फासा. आधी ग्रीस आणि मग बोल्ट असं करू नका, धातूला धातू लागू दे आणि मग झाका.

मागचं झाल्यावर पुढचं पण बघा. बॅटरीच्या मायनसपासून चॅसीला एक जाड पट्टी असते आणि इंजिनपासून चॅसीला एक. जुन्या गाडीत इंजिनवाली पट्टी बऱ्याचदा तुटलेली असते, कुणी क्लचचं काम करताना काढलेली असते आणि परत लावलेली नसते. मग सेल्फ मारताना करंट अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वगैरे जातो, केबल तापते, आणि लाईटही सगळ्या गाडीची डुलते.

अर्थ करून घेतला आणि तरी उजवी नीट नाही तर होल्डर आणि बल्ब. डबल पॉइंटच्या बल्बच्या टोपीवर दोन खुंट्या असतात त्या वरखाली असतात, मुद्दाम, म्हणजे बल्ब एकाच बाजूने बसावा. होल्डर सैल झाला असेल तर घाईत तो उलटाही कोंबला जातो, मग टेलला ब्रेकएवढी लाईट आणि ब्रेकला टेलएवढी. आणि अजून एक प्रकार मी सारखा बघतो, रात्री रस्त्यात डबल पॉइंट मिळाला नाही म्हणून इंडिकेटरचा सिंगल पॉइंट बल्ब तिथे दाबून बसवलेला. त्याच्या बुडाचा एकच मोठा पॉइंट होल्डरच्या दोन्ही पॉइंटना एकत्र जोडतो, आणि मग दिवसा ब्रेक दाबला की मीटर, पार्किंग, नंबर प्लेट सगळंच पेटतं. लोक याला मोठा शॉर्ट समजून गाडी उघडायला घेतात. आधी बल्ब काढून बूड बघा. पॉइंटवर हिरवा गंज असेल, स्प्रिंग दबून गेली असेल तर घासत बसू नका, होल्डर नवीन घ्या, नाना पेठेत कुठल्याही जुन्या मॉडेलचा होल्डर, पूर्ण टेलसुद्धा मिळते, जुना तुकडा हातात घेऊन जा म्हणजे तोच मिळेल. घेताना दोन्ही बाजूचे घ्या. टेलच्या काचेखालचा रबर बघा आणि खाली पाणी जायला जे बारीक भोक असतं ते चिखलाने बुजलेलं असेल तर मोकळं करा. गाडी धुताना प्रेशरचा फवारा टेलवर धरू नका, धुणाऱ्या पोरांना हे सांगावंच लागतं.

दुसरा फॉल्ट, फ्यूजचा. हा शोधायला चिकाटी लागते, पण पद्धत सोपी आहे. फ्यूज काढा आणि त्याच्या दोन खाचांत तोच २१ वॅटचा टेस्ट लॅम्प जोडा. मागचे टेलचे, नंबर प्लेटचे, पुढच्या पार्किंगचे बल्ब काढून ठेवा आणि पार्किंगचा स्विच चालू करा. शॉर्ट नसेल तर लॅम्प विझलेला राहील किंवा मीटरच्या छोट्या बल्बांमुळे अगदी हलका पेटेल. शॉर्ट असेल तर फुल पेटेल, आणि काही जळणार नाही कारण लॅम्प पावणेदोन अँपिअरच्या वर जाऊच देत नाही. आता निवांत शोधा. तुमचा शॉर्ट खड्ड्यातच होतो म्हणजे वायर हलली की लागते, म्हणून लॅम्प एकाच्या नजरेसमोर ठेवा आणि दुसऱ्याने पुढून मागे हार्नेस हलवत जायचं, ज्या जागी लॅम्प भडकला ती जागा. केबिनच्या मागे चॅसीवर जो कपलर असतो तो सोडून बघा, सोडल्यावर कितीही हलवलं तरी भडकत नसेल तर दोष मागच्या अर्ध्यात आहे.

मी असतो तर आधी नंबर प्लेटची वायर बघितली असती. ज्या पिकअपला नंबर प्लेटचा दिवा फाळक्यावर असतो तिथे ती वायर रोज फाळका उघडताना-लावताना दुमडते, बिजागरीपाशी तिचं प्लास्टिक फाटतं आणि उघडी तार पत्र्याला घासते. तिथे वायर ताणून न ठेवता थोडी सैल लूप देऊन, वर लवचिक नळी घालून न्या. त्यानंतर स्टेपनीच्या टांगणीजवळ, मागच्या चाकाच्या वर जिथे पाटा हलतो तिथे, सायलेन्सरजवळ जिथे क्लिप तुटून हार्नेस लोंबतो तिथे, आणि चॅसीच्या भोकातून वायर जाते तिथलं रबरी ग्रोमेट गळून पडलेलं असतं तिथे. उंदरांचंही बघा, भाजीची गाडी रात्रभर उभी असते तर डॅशबोर्डच्या खाली आणि सीटमागे उंदीर वायर कुरतडतात, तिथे वायरीचे छोटे छोटे तुकडे आणि लेंड्या दिसतील.

सापडलेली वायर दुरुस्त करताना नुसती पिळून काळी टेप गुंडाळू नका. गाडीतल्या अर्ध्या कटकटी या टेपच्या जोडांच्या असतात. उन्हात टेपचा डिंक सुटतो, पावसाळ्यात पाणी आत जातं, तांबं हिरवं आणि मग काळं पडतं, आणि ते काळेपण वायरीच्या आत हातभर चढतं. टोक सोलल्यावर तांबं काळं निघालं तर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापत जा आणि मधे नवीन तुकडा टाका, त्याच जाडीचा किंवा एक नंबर जास्त. जोड दाबून किंवा झाळून घ्या, वरून आवळणारी स्लीव्ह आधीच ओवून ठेवा आणि गरम करून बसवा. दोनतीन वायरी जोडायच्या असतील तर जोड एकाच जागी नको, दोनदोन इंच पुढेमागे ठेवा. मग सगळ्यावर खाचेची नळी आणि हातभर अंतरावर क्लिपा.

हे दोन झाल्यावर मीटर. तुमची मीटरची लाईट कधी येते कधी जाते ती काही वेळा फ्यूजमुळे असेल, पण फ्यूज शाबूत असताना, मागे टेल चालू असताना मीटर अंधारं असेल तर मीटर उघडावं लागेल. त्याआधी डॅशबोर्डवर मीटरचा उजेड कमीजास्त करायचं गोल बटण असलं तर ते दहावेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. आतली तार गंजून तिथेच लाईट अडते. फिरवताना लाईट लुकलुकली तर तेच खराब, त्याच्या दोन वायरी एकमेकींना जोडून बघा, आली लाईट की बटण बदला.

मीटर काढताना आधी बॅटरीचा मायनस सोडा. स्क्रू काढून मीटर हळू पुढे ओढा, स्पीडची केबल मागून येत असेल तर चिमटा दाबून किंवा चक्री फिरवून सोडा, जोर लावून ओढलीत तर मीटरची नळी तुटते आणि काटा कायमचा बंद. मागे प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर तांब्याच्या रेषा दिसतील, वायरींच्या ऐवजी त्याच असतात, आणि बल्बचे होल्डर पाव फेरा फिरवले की बाहेर येतात. होल्डर टेकतो तिथली तांब्याची जागा काळी पडलेली असेल तर साध्या खोडरबराने घासा, पॉलिश पेपर लावू नका, तो तांब्याचा पापुद्रा इतका पातळ असतो की दोन हातांत निघून जातो. कपलरच्या पिना बघा. बल्ब तेवढ्याच वॅटचे टाका, जास्त उजेडासाठी मोठे टाकले की होल्डर आणि डायल दोन्ही वितळतात. आणि लाईट चालू केली की डिझेलचा आणि टेंपरेचरचा काटा दोन्ही एकदम हलतात असं कधी दिसलंय का आठवा. तसं होत असेल तर मीटरचा अर्थ खराब आहे, मीटरच्या अर्थच्या पिनेपासून एक वेगळी वायर काढून डॅशबोर्डच्या मागच्या लोखंडी पट्टीला लावा.

मीटरमध्ये एलईडी टाकायचे तर उजेडाच्या बल्बांना टाका, पेटला नाही तर उलटा करून बसवा, एलईडीला प्लस-मायनसची बाजू असते. पण बॅटरीचं चिन्ह असलेल्या लाल बल्बला हात लावू नका. जुन्या अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट त्याच बल्बमधून मिळतो, तो बल्ब उडाला किंवा तिथे एलईडी टाकला तर गाडी चालू झाल्यावर अल्टरनेटर चार्ज करायला उठतच नाही, किंवा बराच रेस दिल्यावर उठतो, आणि माणूस बॅटरीला दोष देत नवीन बॅटरी घेऊन येतो. चावी ऑन केली की बॅटरीचा आणि ऑइलचा, हे दोन्ही लाल दिवे पेटलेच पाहिजेत आणि इंजिन चालू झालं की विझले पाहिजेत. ऑइलचा दिवा चावी ऑनला पेटत नसेल तर मीटर उघडलंय तेव्हाच तो बल्ब बदला, प्रेशर गेल्याचं तो सांगतो, तो मेलेला असेल तर इंजिन जाम झाल्यावरच कळेल. गाडी चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट येतायत ना तेही बघून घ्या, १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर खराब आहे आणि मग तुमचे बल्ब सारखे उडत राहणार.

मागच्या लाईटचा एवढा आग्रह का धरतो तर तुमचा रस्ता. पहाटे अंधारात दिवे घाटाने या नाहीतर बोपदेवने, लोड भरलेली पिकअप उतारावर सारखी ब्रेकवर असते, आणि तुमची उजवी टेल बरोबर ब्रेक लावला की विझते, म्हणजे मागच्याला ज्या क्षणी दिसायला पाहिजे त्याच क्षणी गाडीची उजवी बाजू नाहीशी होते आणि त्याला तुम्ही अर्धी गाडी किंवा मोटारसायकल वाटता. ताशी ६० ने येणारी गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर येते. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या १०५ व्या नियमात मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे आणि नंबर प्लेट १५ मीटरवरून पांढऱ्या उजेडात वाचता आली पाहिजे असं आहे. तुमच्या गाडीला आठ वर्षं कधीच होऊन गेलीत म्हणजे फिटनेस दरवर्षी, तिथे हे सगळं बघतातच, पण फिटनेसच्या आदल्या दिवशी बल्ब टाकून भागवू नका. मागे लाल रिफ्लेक्टर टेप आजच लावा, वायरिंग बिघडलं तरी ती दिसते. आणि दुरुस्ती होईपर्यंत शक्यतो उजेड झाल्यावरच गाडी काढा, एखाद दिवस भाव कमी मिळाला तरी चालेल.

हे सगळं स्वतः करणार नसाल तर वायरमनकडे जाताना त्याला "लाईट लागत नाही" एवढंच सांगू नका, नाहीतर तोही वायरिंग बदलायलाच सांगेल. त्याला सांगा की पार्किंग चालू असताना ब्रेक दाबला की उजवी टेल विझते, अर्थ थेट चॅसीला हवाय, आणि १० चा फ्यूज फक्त खड्ड्यात उडतो. काम झाल्यावर त्याच्यासमोर गाडी चालू करून पार्किंग, ब्रेक, उजवा इंडिकेटर तिन्ही एकदम लावा आणि मागे उभं राहून दोन्ही बाजू सारख्या पेटतात का बघा, मग हौदा हाताने जोरात हलवून परत बघा. मागचा कपलर सोडूनही फ्यूज उडत राहिला तर मात्र दोष केबिनमध्ये आहे, स्टेअरिंगखालचा कॉम्बिनेशन स्विच आणि मीटरमागचा हार्नेस, तेव्हा त्याला तिथूनच सुरुवात करायला सांगा. आणि कपलर सोडल्यावर लॅम्पचं काय झालं ते मला लिहा, पुढचं त्यावरून सांगतो.